चालू प्रोग्राम स्वतःलाच पुन्हा कसा सुरू करतो

युनिक्स आणि लिनक्सवर चालू प्रोग्राम स्वतःच्या जागी स्वतःचीच नवी प्रत उभी करू शकतो, तेही प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामला सिस्टिमनं दिलेला क्रमांक) न बदलता. याला री-एक्झेक म्हणतात. मुख्य कॉल एका ओळीत संपतो. त्याआधी काय आवरायचं आणि नंतर काय हातात घ्यायचं हे ठरवण्यात खरा वेळ जातो. ते नीट ठरवलं नसेल तर पहिला रीस्टार्ट छान होतो आणि दुसरा फसतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: हेच लागोपाठ दोनदा केलं तर काय होईल?

उदाहरणासाठी इंदूरच्या रामबागेतल्या एका वाचनालयाचा देवघेव सर्व्हर घेऊ. पायथॉनमध्ये लिहिलेला, जुन्या डेस्कटॉपवर लिनक्समध्ये चालणारा, नोंदी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवणारा. संध्याकाळी सहाच्या सुमारास काउंटरवरच्या काकू एकामागून एक पुस्तकं जमा करून घेत असतात आणि नेमकी तेव्हाच आपल्याला नवी आवृत्ती चढवायची असते. बंद करून परत चालू केला तर मधल्या दोन-तीन सेकंदांत पोर्ट (ज्या क्रमांकावर सर्व्हर जोडण्या ऐकतो तो) गायब, पडद्यावर लाल पट्टी, आणि मागून हाक: "अरे, तुझं ते मशीन परत बसलं बघ!" पोर्ट न सोडता आणि नोंद न हरवता प्रोग्राम बदलायचा, एवढंच आपलं काम.

कमांड आणि फंक्शनची नावं खाली देवनागरीत आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

आधी एक्झेक समजून घ्या

युनिक्समध्ये नवा प्रोग्राम सुरू करणं हे दोन तुकड्यांत होतं. फोर्क चालू प्रोसेसची नक्कल काढतो. एक्झेक नवी प्रोसेस बनवतच नाही. आहे त्याच प्रोसेसमधून जुना प्रोग्राम काढून नवा बसवतो. इंदूरच्या सराफा बाजारात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, तसंच हे: पत्ता तोच, धंदा वेगळा. फरक इतकाच की सराफ सकाळी परत येतो आणि एक्झेकनंतर जुना प्रोग्राम परत येत नाही. कॉलच्या पुढची ओळ चालली तर त्याचा अर्थ एकच, एक्झेक फसला.

या सगळ्याच्या तळाशी एक्झेकव्हीई नावाचा सिस्टिम कॉल आहे. त्याला फाइलचा पाथ, आर्ग्युमेंटची यादी आणि एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रामला सुरुवातीला मिळणारी व्हेरिएबल) अशा तीन गोष्टी द्यायच्या. एक्झेकव्ही, एक्झेकएल, एक्झेकव्हीपी ही त्याचीच भावंडं. नावात पी असेल तर फाइल 'पाथ' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधल्या फोल्डरांत शोधली जाते.

गंमत म्हणजे प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवण्याची रीत फोर्कच्याही आधीची आहे. पीडीपी-7 या संगणकावरच्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) स्वतःच्याच जागी कमांडचा प्रोग्राम चढवायचं आणि तो संपला की एक्झिट कॉल तिथे शेलची ताजी प्रत आणून बसवायचा, असं युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी लिहून ठेवलं आहे. फोर्क नंतर आला. त्याला असेंब्लीच्या 27 ओळी पुरल्या.

पायरी 1: टर्मिनलवर हात बसवा

कोड लिहिण्याआधी बॅश या शेलमध्ये हे चार प्रकार करून बघा. $$ म्हणजे शेलचा स्वतःचा प्रोसेस आयडी.

एको $$
स्लीप 1000 &
एक्झेक बॅश
एको $$

दोन्ही वेळा आकडा तोच येईल. आता जॉब्स ही शेलची चालू कामं दाखवणारी कमांड द्या: काहीच दिसणार नाही. पण सगळ्या प्रोसेस दाखवणारी पीएस कमांड लावून पाहिलंत तर स्लीप चालूच आहे आणि त्याचा पालक म्हणून तुमच्याच शेलचा आकडा लागलेला आहे. म्हणजे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) दृष्टीनं नातं शाबूत आहे, नव्या बॅशला मात्र आपल्याला मूल आहे याचा पत्ताच नाही. ज्या फोल्डरमध्ये होतात तिथेच आहात. एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल टिकली, नुसती लिहिलेली गेली.

री-एक्झेकचा जवळजवळ सगळा धडा या चार ओळींत आहे: कर्नलनं सांभाळलेलं राहतं, प्रोग्रामनं स्वतःच्या मेमरीत धरलेलं जातं. घाईत असाल तर निदान एवढं तरी करून बघाच. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

पायरी 2: स्वतःची फाइल शोधा

'मी कोणत्या फाइलमधून चाललोय' हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. सी मध्ये आर्ग्व्हीचा (आर्ग्युमेंटच्या यादीचा) शून्यावा घटक हे उत्तर म्हणून बहुतेक जण वापरतात. पण तिथे काय लिहायचं ते सुरू करणारा ठरवतो. लॉगिन शेलमध्ये तिथे बॅशच्या नावाआधी एक आडवी रेघ असते आणि त्या नावाची फाइल कुठेच नसते. शिवाय पाथ सापेक्ष असेल आणि प्रोग्रामनं मध्येच फोल्डर बदललं असेल, तर तो पाथ भलतीकडे जातो.

लिनक्सवर /प्रोक/सेल्फ/एक्सई ही लिंक चालू प्रोग्रामच्या फाइलकडे बोट दाखवते. तीच थेट एक्झेकला दिली की झालं, असं वाटतं. इथे मोठा खड्डा आहे. समजा तुम्ही नवी आवृत्ती जुन्या फाइलच्या जागी एमव्ही या फाइल हलवण्याच्या कमांडनं आणून ठेवली. ती लिंक अजूनही जुन्याच फाइलला धरून असते. वाचून पाहिलीत तर पाथपुढे 'डिलीटेड' लिहिलेलं दिसतं. तिच्यातून एक्झेक केलं तर जुनीच आवृत्ती परत सुरू होते, कुठलीही एरर न देता. तुम्ही रीस्टार्ट करत राहता आणि बग काही जात नाही. शिवाय टॉप या कमांडच्या यादीत प्रोग्रामचं नाव नुसतं 'एक्सई' दिसायला लागतं, ते वेगळंच.

तेव्हा आवृत्ती बदलायची असेल तर प्रोग्राम सुरू होतानाच पूर्ण पाथ काढून जपून ठेवा आणि तोच वापरा. तीच प्रत पुन्हा हवी असेल तर मात्र /प्रोक/सेल्फ/एक्सई उत्तम.

मॅकओएसवर आणि फ्रीबीएसडीवर या लिंकच्या भरवशावर राहू नका. तिथे पाथ विचारण्याचे कॉल वेगळे आहेत. दूरच्या मशीनवर लॉगिन देणाऱ्या ओपनएसएसएचनं तर हा प्रश्न पार कडक नियमानं सोडवला आहे: नुसतं एसएसएचडी टाइप करून सर्व्हर सुरू करायला गेलात तर तो पूर्ण पाथ मागतो आणि थांबतो, कारण 2024 मधल्या 9.8 आवृत्तीच्या आधी प्रत्येक नव्या जोडणीसाठी तो स्वतःला पुन्हा एक्झेक करायचा; आता त्यासाठी एसएसएचडी-सेशन हा वेगळा प्रोग्राम एक्झेक करतो. त्यानं प्रत्येक जोडणीला मेमरीची नवी मांडणी मिळते आणि हल्लेखोराला पत्त्यांचा अंदाज बांधणं कठीण जातं.

पायथॉनमध्ये दोन तुकडे लागतात. इंटरप्रिटरचा पाथ सिस.एक्झिक्युटेबलमध्ये असतो आणि स्क्रिप्टचं नाव सिस.आर्ग्व्हीच्या पहिल्या घटकात. स्क्रिप्टचा पाथ पहिल्याच ओळींत ॲब्सोल्यूट करून घ्या. इंटरप्रिटरला दिलेले पर्याय सिस.आर्ग्व्हीत येत नाहीत; ते हवे असतील तर 3.10 पासून सिस.ओरिग_आर्ग्व्ही आहे.

शेल स्क्रिप्टमध्ये एक्झेक "$0" "$@" असं लिहितात. स्क्रिप्ट 'बॅश अमुक' अशी चालवली असेल तर $0 मध्ये स्लॅश नसतो आणि शेल तिला पाथ व्हेरिएबलमध्ये शोधत बसतं. इथेही सुरुवातीलाच पूर्ण पाथ काढा आणि मध्ये बॅश लिहा. $@ भोवतीचे अवतरण विसरू नका, नाहीतर स्पेस असलेल्या फाइलनावाचे दोन तुकडे पडतील.

पायरी 3: काय बरोबर न्यायचं ते ठरवा

एक्झेकमधून प्रोसेस आयडी, पालक, चालू फोल्डर, युमास्क, नाइस व्हॅल्यू, रिसोर्सच्या मर्यादा आणि टर्मिनल पार होतात. मेमरी आणि एमॅप केलेल्या (मेमरीत जोडून घेतलेल्या) फाइली जातात. इतर सगळे थ्रेड तिथल्या तिथे संपतात; त्यांना फायनली ब्लॉक चालवायची संधीही मिळत नाही. मधल्या जागी दोन गोष्टी आहेत, उघड्या फाइली आणि सिग्नल (प्रोसेसला बाहेरून दिला जाणारा इशारा), आणि सगळी डोकेदुखी याच दोघांची.

उघड्या फाइली म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर (कर्नलनं उघड्या फाइलला दिलेला आकडा), सॉकेट म्हणजे नेटवर्क जोडणीची टोकंसुद्धा त्यातच आली. त्यांच्यावर क्लोज-ऑन-एक्झेक ही खूण असेल तर कर्नल एक्झेकच्या वेळी ते बंद करतो. नसेल तर जसेच्या तसे पुढे जातात. सी मध्ये तुम्ही काही केलं नाहीत तर सगळं पुढे जातं. पायथॉनमध्ये 3.4 पासून उलट आहे: पायथॉननं उघडलेलं काहीच पुढे जात नाही, 0, 1, 2 (इनपुट, आउटपुट, एरर) हे तीन सोडून.

आपल्याला फक्त ऐकणारं सॉकेट न्यायचंय. ते उघडं राहिलं की पोर्ट आपल्याकडेच राहतो आणि नवा प्रोग्राम उठेपर्यंत आलेल्या जोडण्या कर्नलच्या रांगेत थांबतात. काकूंना फार तर क्षणभर उशीर जाणवेल. त्यासाठी सॉकेटवर सेट_इनहेरिटेबल ट्रू करायचं, त्याचा डिस्क्रिप्टर क्रमांक एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाकायचा, आणि नव्या प्रतीनं सुरुवातीला ते व्हेरिएबल बघायचं. असेल तर सॉकेट.सॉकेटला फाइलनो म्हणून तो आकडा द्यायचा, नसेल तर नेहमीसारखं बाइंड आणि लिसन. एनजिनएक्स हा वेब सर्व्हरही चालू असताना आवृत्ती बदलताना सॉकेटचे आकडे एन्व्हायर्नमेंटमधूनच नव्या प्रतीला देतो. मात्र तो फोर्क करून नवी प्रत शेजारी उभी करतो आणि जुनीला सावकाश निरोप देतो.

चालू जोडण्याही पुढे नेता येतात, पण नवशिक्यानं त्या भानगडीत पडू नये. अर्धी वाचलेली विनंती, टीएलएसच्या किल्ल्या, कोण लॉगिन आहे, हे सगळं मेमरीत असतं आणि ते लिहून काढून परत वाचावं लागतं. हातातल्या विनंत्या पूर्ण करा, जोडण्या बंद करा, मग एक्झेक. ब्राउझर परत जोडून घेतो.

आता तो 'दुसऱ्यांदा' वाला प्रश्न. समजा सी मध्ये लिहिलंय आणि लॉग फाइलवर खूण करायची राहिली. पहिल्या रीस्टार्टनंतर लॉग फाइल दोनदा उघडी, दुसऱ्यानंतर तीनदा. कोणाच्या लक्षात येत नाही. मर्यादा बहुतेक ठिकाणी 1024 ची असते. काही महिन्यांनी एके दिवशी 'टू मेनी ओपन फाइल्स' येतं आणि त्या दिवशी केलेल्या बदलावर आळ जातो. /प्रोक/आयडी/एफडी हे फोल्डर (आयडीच्या जागी तुमचा प्रोसेस आयडी) रीस्टार्टच्या आधी आणि नंतर बघायची सवय लावून घ्या, यादी वाढता कामा नये.

याहून मजेदार प्रकार कुलपाचा. एकच प्रत चालावी म्हणून बरेच प्रोग्राम एखाद्या फाइलवर फ्लॉक, म्हणजे कुलूप, घेतात. तो डिस्क्रिप्टर एक्झेकमधून पुढे गेला तर कुलूपही पुढे जातं. नवी प्रत ती फाइल नव्यानं उघडून कुलूप मागते, मिळत नाही, आणि 'दुसरी प्रत आधीच चालू आहे' असं सांगून बंद होते. ती दुसरी प्रत म्हणजे ती स्वतःच. यावर उपाय दोन: त्या डिस्क्रिप्टरवर क्लोज-ऑन-एक्झेक, किंवा सॉकेटसारखा त्याचाही आकडा पुढे द्या.

पायरी 4: सिग्नलमधून थेट एक्झेक करू नका

रीस्टार्टचा हुकूम द्यायला साइगहप सिग्नल वापरण्याची जुनी रीत आहे. एक्झेकमध्ये तुमचे हँडलर पुसले जातात, ते मेमरीत होते म्हणून. दुर्लक्षित ठेवलेले सिग्नल दुर्लक्षितच राहतात. टर्मिनल बंद झाल्यावरही प्रोग्राम चालू ठेवणारा नोहप याच नियमावर चालतो. आणि सिग्नल मास्क, म्हणजे अडवून ठेवलेल्या सिग्नलांची यादी, जशीच्या तशी पुढे जाते.

आता सी मध्ये साइगहपच्या हँडलरमधूनच एक्झेकव्हीई बोलवा. हँडलर चालू असताना कर्नल तोच सिग्नल अडवून ठेवतो. हँडलर परतलाच नाही, त्यामुळे अडवणूक उठली नाही, आणि ती नव्या प्रतीच्या माथी आली. नवी प्रत झकास चालते. पुढच्या वेळी साइगहप पाठवला की शुकशुकाट. सिग्नल पोचलाय, पण अडकून पडलाय. पहिली चाचणी पास झालेली असल्यामुळे शंका भलतीकडेच जाते.

हँडलरमध्ये फक्त एक झेंडा (ट्रू-फॉल्स व्हेरिएबल) ट्रू करा आणि एक्झेक मुख्य लूपमधून करा. सुरुवातीला मास्क रिकामा करून घेणं हेही चांगलं. पायथॉनमध्ये हँडलर मुळातच नंतर, इंटरप्रिटरच्या फेरीत चालतो, म्हणून हा मास्कचा घोळ होत नाही; तरी झेंड्याची पद्धत तिथेही बरी, कारण नाहीतर नोंद अर्धवट लिहिलेली असताना एक्झेक होऊ शकतो.

पायरी 5: आवरा, आणि मगच उडी

एक्झेकच्या वेळी ॲटएक्झिटची (प्रोग्राम संपताना चालायची) फंक्शनं चालत नाहीत आणि बफरमध्ये साठलेलं आउटपुट लिहिलं जात नाही. म्हणून स्टँडर्ड आउटपुट आणि लॉग फ्लश करा, एसक्यूलाइटमध्ये कमिट करा, थ्रेड जॉइन करा, मुलं असतील तर त्यांची वाट बघा किंवा त्यांचे आकडेही पुढे द्या. कमिट न झालेली नोंद गेली असं समजा.

पण ऐकणारं सॉकेट बंद करू नका. एक्झेक फसला, समजा फाइलला चालवायची परवानगीच नाही, तर जुन्या प्रतीला काम चालू ठेवता आलं पाहिजे. ओएस.एक्झेकव्ही ट्रायमध्ये लिहा, ओएसएरर आली तर लॉगमध्ये टाका आणि लूपमध्ये परत जा.

पायथॉनवाल्यांनी इथे विशेष सावध राहावं. तुम्ही एक्झेक करता तो इंटरप्रिटर. तो सुरू झाला की कर्नलच्या लेखी काम फत्ते. त्यानंतर नव्या स्क्रिप्टमध्ये कंस राहिलेला निघाला तर प्रोग्राम मरतो आणि परतायला जुनी प्रत उरलेली नसते. म्हणून उडी मारायच्या आधी नवी स्क्रिप्ट वेगळ्या मुलाच्या प्रोसेसमध्ये एकदा चालवून बघा. 'फक्त तपास, सुरू होऊ नकोस' असा एक पर्याय स्क्रिप्टलाच द्या: इम्पोर्ट करायचं, सेटिंग वाचायची, डेटाबेस उघडून बघायचा आणि शून्य परत करून बाहेर पडायचं. शून्य आलं तरच एक्झेक. माझ्या मते या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

सी किंवा गोमध्ये बनवलेली फाइल असेल तर ती सीपी या नक्कल करण्याच्या कमांडनं जागच्या जागी लिहू नका. लिनक्स 'टेक्स्ट फाइल बिझी' म्हणून अडवतो. शेजारी नवी ठेवा आणि एमव्हीनं जागेवर आणा.

पायरी 6: चक्राला लगाम

काही प्रोग्राम सुरू होताच एन्व्हायर्नमेंट बदलून स्वतःला पुन्हा चालवतात. एलडी_लायब्ररी_पाथ हे नेहमीचं उदाहरण: लायब्ररी कुठे शोधायच्या हे सांगणारं हे व्हेरिएबल डायनॅमिक लिंकर सुरुवातीलाच वाचतो, नंतर बदलून उपयोग नसतो. अशा ठिकाणी 'एकदा झालं' अशी खूण एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवली नाही तर प्रोग्राम स्वतःला अखंड सुरू करत बसेल. प्रोसेस आयडी बदलत नाही, नव्या प्रोसेस दिसत नाहीत, फक्त सीपीयू तापतो. नव्या प्रतीनं ही खूण वाचली की लगेच पुसूनही टाकायची, नाहीतर ती तिच्या मुलांपर्यंत झिरपते.

पायरी 7: दोनदा, नव्हे तीनदा चालवा

पीएसमध्ये आयडी, चालू असल्याचा वेळ आणि कमांड असे तीन स्तंभ काढा. री-एक्झेकनंतर आयडी तोच राहतो आणि वेळही शून्यापासून सुरू होत नाही, कारण प्रोसेस जुनीच आहे. म्हणजे रीस्टार्ट झाला की नाही हे पीएसवरून कळत नाही. सुरू होताना आवृत्ती आणि कितवी पिढी हे लॉगमध्ये लिहा. पिढीचा आकडा एन्व्हायर्नमेंटमधून एकेक वाढवत न्यायचा. खात्री हवी तर एसट्रेस हे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन त्या आयडीला जोडून फक्त एक्झेकव्हीई कॉल दाखवायला सांगा.

मग साइगहप तीनदा पाठवा. तिन्ही वेळा पिढी वाढली पाहिजे, डिस्क्रिप्टरची यादी तेवढीच राहिली पाहिजे, आणि दुसऱ्या मशीनवरून सतत विनंत्या पाठवणाऱ्या स्क्रिप्टला नवी जोडणी एकदाही नाकारली गेलेली दिसता कामा नये.

कधी वापरावा, कधी नाही

काही ठिकाणी याला पर्यायच नाही. आयडी 1 ची प्रोसेस संपली तर कर्नल पॅनिक होतो, म्हणून अपडेट झाल्यावर सिस्टिमसीटीएल डीमन-रीएक्झेक ही कमांड दिली की सिस्टिमडी (बऱ्याच लिनक्सवर आयडी 1 ची, सगळ्या सेवा सांभाळणारी प्रोसेस) आपली सगळी स्थिती लिहून काढतं, स्वतःला एक्झेक करतं आणि ती परत वाचतं. कंटेनर चालवणाऱ्या रनसीमध्ये फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर झालेल्या दोषात कंटेनरमधला हल्लेखोर /प्रोक/सेल्फ/एक्सईच्या वाटेनं होस्टवरची रनसीची फाइलच बदलू शकत होता; दुरुस्ती म्हणून रनसी मेमरीत स्वतःची सीलबंद प्रत करून तिच्यातून पुन्हा एक्झेक व्हायला लागलं.

आपल्या वाचनालयाच्या सर्व्हरला मात्र आणखी सोपा रस्ता आहे. सिस्टिमडीचं सॉकेट ॲक्टिव्हेशन वापरलं तर ऐकणारं सॉकेट सिस्टिमडी स्वतः धरून ठेवतो आणि प्रोग्रामला डिस्क्रिप्टर 3 पासून देतो. किती दिले ते लिसन_एफडीज या व्हेरिएबलमध्ये असतं. मग साधा स्टॉप-स्टार्ट केला तरी जोडण्या रांगेत थांबतात आणि एक्झेकचा कोड लिहावाच लागत नाही. लिनक्सवर सिस्टिमडी असेल आणि रीस्टार्टचा हुकूम बाहेरून द्यायचा असेल, तर मी हाच घेईन. स्वतःचं री-एक्झेक तिथे लिहा जिथे वर कोणी सांभाळणारा नाही, किंवा रीस्टार्ट कधी करायचा हे प्रोग्रामलाच ठरवायचं आहे.